व्हाऊचर नसलेली नोंद: कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना एआय किती कळतं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीविरुद्धचा आयकर निर्धारणेचा आदेश रद्द केला. कंपनीने उत्पन्न दाखवलं होतं तीन कोटींच्या आसपास, अधिकाऱ्याने धरलं होतं जवळपास २८ कोटी. आदेश रद्द होण्यामागे इतरही कारणं होती, पण गाजलं ते एकच: आदेशात ज्या तीन न्यायनिर्णयांचा आधार दिला होता, ते तिन्ही अस्तित्वातच नव्हते. एआयच्या जमान्यात यंत्राने समोर टाकलेल्या निकालांवर माणूस फार विसंबतो, पण असे निकाल पडताळल्याशिवाय वापरायचे नसतात, असं न्यायालयाने सुनावलं.

त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात डेलॉइट या बड्या सल्लागार कंपनीने सरकारला एका अहवालाच्या फीमधला काही भाग परत करायचं कबूल केलं. काम सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचं होतं. अहवालात कधी कुणी लिहिलेच नव्हते अशा शोधनिबंधांचे संदर्भ होते आणि न्यायालयाच्या निकालातलं म्हणून दिलेलं एक अवतरण बनावट निघालं. अहवाल तयार करताना एआय वापरल्याचा उल्लेख दुरुस्त आवृत्तीत आला, आधीच्या आवृत्तीत तो नव्हता.

या दोन्ही टेबलांवर बसणारी माणसं कॉमर्स किंवा मॅनेजमेंटची असतात. आज टीवायबीकॉम, बीएमएस, एमबीए करणारी मुलं पाच-सात वर्षांनी तिथेच बसणार आहेत. एआय त्यांना माहीत नाही असं कोणी म्हणणार नाही, सबमिशनच्या आदल्या रात्री तर सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न आहे तो या माहितीत नेमकं काय धरायचं हा.

आधी यंत्र काय करतं ते

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुलं झालं. त्यानंतर आलेली जेमिनाय, क्लॉड, कोपायलट ही मंडळीही त्याच जातीची. या जातीला भाषिक मॉडेल म्हणतात: अफाट मजकूर वाचवून घेऊन, दिलेल्या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधायला शिकवलेली प्रणाली. ‘मालमत्ता = भांडवल + ’ इतकं लिहिलं की पुढे ‘देणी’ येणार, हे तुम्हाला अकरावीत शिकवलेलं असतं म्हणून कळतं. मॉडेलला कळतं ते लाखो ठिकाणी तसंच लिहिलेलं असतं म्हणून. उत्तर एकच, पण वाट वेगळी. ही वाट लक्षात ठेवली की त्याच्या बऱ्याच चुकांचा उलगडा होतो.

न्यायनिर्णयाचा संदर्भ कसा दिसतो पाहा. आधी दोन पक्षकारांची नावं, मध्ये ‘विरुद्ध’, मग कंसात वर्ष, खंड क्रमांक, ‘आयटीआर’ (इन्कम टॅक्स रिपोर्ट्स, म्हणजे आयकराच्या निकालांचं नियतकालिक), पान क्रमांक. इतकी ठरलेली घडण दुसऱ्या फारशा मजकुराला नसते. म्हणूनच तो बनवणं मॉडेलला सगळ्यात सोपं जातं. रिकाम्या जागेत शोभेलसं काहीतरी बसवायचं, एवढंच त्याचं काम. ते खरं आहे का, हे तपासणारं वेगळं खातं आत नसतं. शोधनिबंधाच्या संदर्भाचंही तेच: आडनाव, साल, मासिक, अंक, पानं. सगळं जागच्या जागी, फक्त निबंध नाही. अशा बनावट पण ठाम उत्तराला हॅल्युसिनेशन म्हणतात. तोंडी परीक्षेत काहीही झालं तरी ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही, असं ठरवून आलेल्या हुशार मुलासारखं हे वागणं आहे. अडखळत नाही, म्हणून शंका येत नाही.

आणखी दोन सवयी ठाऊक असाव्यात. पुढचा शब्द शक्यतांमधून निवडला जात असल्यामुळे तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर बदलू शकतं. आणि ही मॉडेलं माणसांना आवडतील अशी उत्तरं देण्यासाठी घडवलेली असल्यामुळे त्यांच्यात होयबापणा असतो. बरोबर उत्तर मिळाल्यावर ‘आमच्या सरांनी वेगळं सांगितलंय’ असं नुसतं लिहून बघा. कधी ठाम राहतं, कधी माफी मागून पलटी मारतं. पलटी मारली तर पहिल्या उत्तराच्या ठामपणाला काय अर्थ होता, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

बेरीज बरोबर, हिशोब चूक

पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन या नामांकित बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक ख्रिश्चन टेरविश यांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीला एमबीएचा ऑपरेशन्स मॅनेजमेंटचा पेपर घातला. त्याला बी ते बी-उणे या दरम्यानची श्रेणी मिळाली असती, असा त्यांचा निष्कर्ष. गंमत म्हणजे केस समजावून सांगण्यात ते छान होतं आणि सहावीच्या पातळीच्या गणितात चुकत होतं. त्यानंतर मॉडेलं पुष्कळ सुधारली. आता बरीच जण आकडेमोड करायला आतल्या आत छोटा प्रोग्रॅम चालवतात. त्यामुळे बेरजेच्या चुका कमी झाल्या आणि वेगळ्या चुका वर आल्या. त्या पकडायला जास्त अवघड आहेत.

एक साधं उदाहरण घेऊ. घरगुती जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय. स्थिर खर्च महिन्याला ४८,००० रुपये, एका डब्याची किंमत ९० रुपये, एका डब्यामागे बदलता खर्च ५८ रुपये. ब्रेक-इव्हन काढा, म्हणजे नफाही नाही आणि तोटाही नाही असा आकडा. एआय लगेच सांगतं: डब्यामागे ३२ रुपये सुटतात, ४८,००० भागिले ३२, महिन्याला १,५०० डबे. पंचवीस दिवस धरले तर रोज ६०. उत्तर शंभर टक्के बरोबर. प्रोजेक्टमध्ये चिकटवून टाका, मार्कही मिळतील.

आता हाच व्यवसाय डिलिव्हरी अ‍ॅपवर टाका आणि समजा कमिशन विक्री किमतीच्या २० टक्के आहे. ९० चे २० टक्के म्हणजे १८ रुपये. सुटणारे ३२ रुपये १४ वर आले. ४८,००० भागिले १४ म्हणजे ३,४२८ आणि वर थोडं. इथे यंत्र कधीकधी ३,४२८ लिहून मोकळं होतं, पण ३,४२८ डब्यांवर अजून आठ रुपये तोटाच आहे. ३,४२९ लागतात. त्यात कमिशनवर १८ टक्के जीएसटी धरा, आणि तो परत मिळत नसेल तर आणखी ३ रुपये २४ पैसे गेले. उरले १० रुपये ७६ पैसे. आता लागतात ४,४६१ डबे, म्हणजे रोज १७९. स्वयंपाकघरातून दिवसाला १२० च डबे निघत असतील तर हा धंदा अ‍ॅपवर कधीच फायद्यात येणार नाही.

पहिल्या १,५०० च्या उत्तरात यंत्राने कुठेही चूक केली नव्हती. विचारलं नाही ते सांगितलं नाही, एवढंच. रोजचे ६० आणि रोजचे १७९ यांच्यातला फरक प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात असावा लागतो. कमिशनचा दर कशावर लागतो, किमतीवर की नफ्यावर, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्या हातात हे साधन कामाचं. ज्याला पडत नाही त्याला ते नीटनेटकं, सुबक आणि निरुपयोगी उत्तर देतं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. गणित विचारण्याआधी लिहा: ‘हिशोब करण्यापूर्वी मला या व्यवसायाबद्दल दहा प्रश्न विचार, आणि मी कोणते खर्च धरायला विसरलो असेन ते सांग.’ कमिशन, पॅकिंग, वाया गेलेलं अन्न, सुट्टीच्या दिवसांचा पगार हे सगळं मग बाहेर येतं. उत्तर मागण्यापेक्षा प्रश्न मागणं हा या साधनाचा जास्त चांगला उपयोग आहे, असं माझं मत.

जुनी शिकवणी, नवा कायदा

मॉडेलचं शिकणं एका तारखेला थांबतं. त्यानंतरचं जग त्याला इंटरनेटवर शोधूनच कळतं, आणि शोधायची सोय सुरू नसेल तर कळतच नाही. इतर शाखांपेक्षा कॉमर्सला याचा फटका जास्त, कारण आपले नियम सतत बदलतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रचना बदलली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. मुख्य दर उरले ५ आणि १८, आणि निवडक वस्तूंवर ४०. त्याआधी शिकणं थांबलेलं मॉडेल ५, १२, १८, २८ अशी यादी अगदी आत्मविश्वासाने देईल, कारण आठ वर्षांचा मजकूर त्याच्या बाजूने आहे.

आयकराचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, आणि १९६१ चा कायदा मागे पडला. कलमांचे क्रमांक बदलले: सगळ्यांच्या तोंडी असलेलं ८० सी आता कलम १२३. ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ या जोडीच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आलं. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो. म्हणजे काही काळ दोन्ही कायदे शेजारी-शेजारी चालणार. ‘८० सीची मर्यादा सांग’ असं विचारलं तर कोणत्या वर्षासाठी, हे यंत्र विचारेलच असं नाही. तुम्ही सांगायचं: ‘कर वर्ष २०२६-२७ साठी, नव्या कायद्यानुसार, कलम क्रमांकासह.’ आणि मग तो क्रमांक आयकर विभागाच्या संकेतस्थळावर किंवा इंडिया कोड या सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर उघडून बघायचा. ते टाळलं तर जुन्या कायद्याचा क्रमांक आणि नव्या कायद्याची भाषा अशी खिचडी हाती येते.

‘मला एआयबद्दल माहिती आहे: पूर्ण सहमत’

वाणिज्य विद्यार्थ्यांमधली एआयविषयी जागरूकता हा सध्या प्रोजेक्टचा लाडका विषय आहे. पद्धत ठरलेली: गूगल फॉर्म, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉरवर्ड, शंभर प्रतिसाद, पाच पर्यायांची मोजपट्टी, पाय चार्ट, आणि निष्कर्ष ‘विद्यार्थ्यांमध्ये उच्च जागरूकता आढळली’. शंभर जण स्वतःच्या मित्रमंडळातले असल्यावर हा नमुना कोणाचं प्रतिनिधित्व करतो, हा प्रश्न व्हायव्हात येतो आणि तिथेच विरतो.

त्याहून मोठी अडचण प्रश्नांत आहे. अशा प्रश्नावल्या बऱ्याचदा फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपावरून, म्हणजे टॅमवरून, उचललेल्या असतात. त्यात दोन गोष्टी मोजतात: साधन उपयोगी वाटतं का आणि सोपं वाटतं का. लोक एखादं सॉफ्टवेअर वापरायला लागतील की नाही याचा अंदाज यातून बरा येतो, आणि ते प्रारूप त्यासाठीच होतं. पण ‘उपयोगी वाटतं’ आणि ‘समजतं’ या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःच स्वतःला दिलेल्या मार्कांना जागरूकता म्हणायचं तर पेपर तपासायची गरजच उरणार नाही.

या विषयावर खरंच प्रोजेक्ट करायचा असेल तर मताच्या शेजारी चाचणीचे प्रश्न घाला. एआयने दिलेले चार संदर्भ द्या, त्यातले दोन बनावट, आणि ओळखायला सांगा. वरच्या डब्याच्या उदाहरणातलं १,५०० चं उत्तर दाखवा आणि काय राहून गेलं ते एका ओळीत लिहायला सांगा. पक्षकाराचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकावा का, हो की नाही, आणि का. मग ‘पूर्ण सहमत’वाल्यांना प्रत्यक्षात किती गुण पडले त्याचा सहसंबंध काढा. तो कमी आला तरी तोच तुमचा निष्कर्ष, आणि पाय चार्टपेक्षा कितीतरी वाचनीय.

जाता जाता: प्रतिसाद मिळाले नाहीत म्हणून एआयकडूनच शंभर प्रतिसादकांची एक्सेल शीट बनवून घेण्याचा प्रकार सर्रास सुचवला जातो. ही उचलेगिरीही नव्हे, ही आकडेवारीची बनावट आहे, आणि ती दिसून येते. खऱ्या फॉर्ममध्ये कोणी वय लिहायचं विसरतं, कोणी सगळीकडे ‘३’ टिचकवून पळतं, कोणी उत्पन्न लाखात लिहितं तर कोणी रुपयांत. बनवलेल्या शीटमध्ये एकही रकाना रिकामा नसतो आणि सगळी माणसं समंजस असतात.

अभ्यासाला मदत की नुकसान?

यावर चांगला पुरावा आहे, आणि तोही व्हॉर्टनच्याच संशोधकांकडून. त्यांनी तुर्कीतल्या एका शाळेत माध्यमिकच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग केला आणि २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. एका गटाला नेहमीचा चॅटबॉट दिला. दुसऱ्या गटाला शिकवणीसाठी बांधलेला, जो उत्तर न देता फक्त पुढची पायरी सुचवतो. तिसऱ्याला काहीच नाही, पुस्तक आणि वही. सराव करताना पहिल्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची १२७ टक्क्यांनी. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. नेहमीचा चॅटबॉट वापरलेल्या मुलांनी काहीच न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्के वाईट कामगिरी केली. शिकवणीवाल्या गटाचं असं नुकसान जवळपास झालं नाही.

म्हणजे साधन तेच, आणि फरक पडला तो उत्तर आयतं मिळालं की पायरीपायरीने काढावं लागलं यामुळे. हे वेगळं अ‍ॅप विकत न घेताही जमतं. रोख प्रवाह पत्रक शिकायचं असेल तर असं लिहा: ‘मी टीवायबीकॉमचा विद्यार्थी आहे. खाली गणित देतोय. उत्तर देऊ नकोस. मी एक नोंद सांगेन, ती बरोबर की चूक एवढंच सांग. चूक असेल तर कोणता नियम आठवायचा ते एका ओळीत सांग.’ काही संदेशांनंतर ते कधीकधी हा नियम विसरतं आणि पूर्ण उत्तर ओतायला लागतं. तेव्हा तीच सूचना पुन्हा चिकटवायची.

ऑडिटच्या तोंडी परीक्षेची तयारी, एकाच संकल्पनेवर दहा वेगवेगळी छोटी गणितं, एक्सेलचा अडलेला फॉर्म्युला, इंग्रजी धड्याचा गोषवारा मराठीत समजून घेणं, यासाठी ते उत्तम. इथे चूक झाली तरी ती तुमच्या डोळ्यांसमोर पडते.

‘कॅल्क्युलेटर आला तेव्हाही हेच म्हणत होते’

हा आक्षेप नेहमी येतो, आणि वरवर चपखल आहे. पण कॅल्क्युलेटरवर १,२४८ गुणिले ३६ आज केलं, उद्या केलं, पुण्यात केलं, परभणीत केलं, उत्तर एकच. चुकलंच तर आकडा दाबण्यात आपण चुकलेलो असतो. भाषिक मॉडेलचं तसं नाही, ते आपली चूक नसतानाही चुकतं आणि चुकल्याची खूण देत नाही. शिवाय कॅल्क्युलेटर कोणता गुणाकार करायचा ते ठरवत नाही. एआय तेही ठरवून देतं, आणि नेमकं तेच शिकायला आपण तीन वर्षं फी भरतो.

‘सॉफ्टवेअरला कळतच नाही, मग अडचण काय?’

यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये एआय-मजकूर ओळखणारं साधन आणलं होतं. त्यांच्याच आकड्यांनुसार ते एआयने लिहिलेला २६ टक्केच मजकूर ओळखत होतं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा शिक्का मारत होतं. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळख-साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध सरासरी ६१ टक्के वेळा ‘एआयने लिहिले’ असे ठरले. सोपे शब्द, ठरावीक वाक्यरचना हीच त्यांची खूण, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं प्रामाणिक इंग्रजीही तसंच असतं. तेव्हा केवळ या टक्क्यावरून कुणाला चोर ठरवणं अन्यायाचं आहे, हे प्राध्यापकांनीही ऐकायला हवं.

पण दोन टक्केवाऱ्यांची गल्लत करू नका. ‘दहा टक्के चालतं’ असं जे म्हणतात ते यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतून आलंय आणि ते साम्याबद्दल आहे, म्हणजे तुमचा मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी किती जुळतो त्याबद्दल. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. एआयने लिहिलेल्या मजकुराचं साम्य अनेकदा शून्याजवळ येतं, कारण तो कुठून उतरवलेला नसतो. साम्य कमी आलं म्हणून काम तुमचं ठरत नाही. आणि सॉफ्टवेअरला नाही कळलं तरी संदर्भ उघडून बघणाऱ्याला कळतं. डेलॉइटचा अहवालही सिडनी विद्यापीठातल्या एका अभ्यासकाने वाचला आणि संदर्भ ओळखीचे वाटेनात, म्हणून प्रकरण फुटलं.

तुमचं स्वतःचं लिखाण असूनही आळ आलाच तर उपयोगी पडतो तो गूगल डॉक्सचा आवृत्ती-इतिहास. कोणत्या दिवशी काय लिहिलं, काय खोडलं, सगळं त्यात असतं. प्रोजेक्ट पहिल्या दिवसापासून तिथेच लिहा, शेवटच्या रात्री एकदम चिकटवू नका.

दुसऱ्याची खतावणी, फुकटचा चॅटबॉट

नव्या अभ्यासक्रमात ऑन-जॉब ट्रेनिंग आलं आणि मुलं सीएच्या ऑफिसात, पतसंस्थेत, कारखान्याच्या अकाउंट्स विभागात जायला लागली. तिथे टॅलीतून काढलेली खतावणी समोर असते, बँक जुळवणी होत नसते आणि मोबाइलवर चॅटबॉट असतो. फाइल टाकायला पाच सेकंद लागतात. त्या फाइलमध्ये पक्षकाराची गिऱ्हाइकं, त्यांचे पॅन, खाते क्रमांक, कोणाकडे किती थकबाकी, सगळं असतं. ते आता तुमच्या ऑफिसबाहेरच्या सर्व्हरवर गेलं, आणि सेटिंगमध्ये बंद केलेलं नसेल तर पुढच्या मॉडेलच्या शिकवणीत वापरलंही जाऊ शकतं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा गोपनीय कोड असाच चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला वापरावर बंदी आणावी लागली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर अशी साधनं वापरू नयेत असं परिपत्रक काढलं.

आधी साहेबांची परवानगी. ती असली तरी नावं काढून क, ख, ग करा. पॅन पुसला आणि जीएसटीआयएन ठेवला तर काही लपलं नाही, कारण जीएसटीआयएनच्या पंधरा अक्षरांत तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅनच असतो. युपीआय आयडी आणि चेक नंबर नॅरेशनच्या, म्हणजे व्यवहाराच्या वर्णनाच्या, रकान्यात दडलेले असतात, तो रकाना आधी उडवा. गुणोत्तर विश्लेषणच करायचं असेल तर सगळ्या रकमांना एकाच गुप्त आकड्याने गुणा, समजा ०.७३ ने. चालू गुणोत्तर, नफ्याचं प्रमाण, उलाढालीचा वेग यांत काडीचा फरक पडत नाही. मात्र टॅक्स ऑडिटची किंवा जीएसटी नोंदणीची मर्यादा लागते का असं विचारायचं असेल तर ही युक्ती घात करेल, कारण तिथे मूळ रक्कमच महत्त्वाची.

व्हाऊचिंग कसं करायचं

ऑडिटच्या पेपरमध्ये व्हाऊचिंग शिकवतात: वहीतली नोंद कितीही सुबक असो, मागे पुरावा असल्याशिवाय ती मान्य करायची नाही. एआयचं प्रत्येक वाक्य ही व्हाऊचर न जोडलेली नोंद आहे. इतर शाखांच्या मुलांना ही शिस्त नव्याने शिकावी लागेल. कॉमर्सवाल्यांच्या ती अभ्यासक्रमातच आहे, फक्त पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी काढत नाही.

उत्तर हातात आलं की त्यातल्या आकडा, तारीख, कलम, नाव आणि संदर्भ असलेल्या जागा पेनाने अधोरेखित करा. बाकीच्या वाक्यांची काळजी नंतर. शोधनिबंध असेल तर त्याचा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. पान उघडलं तरी शीर्षक आणि लेखक जुळतात का बघा, कारण खरा डीओआय भलत्याच निबंधाला चिकटवलेला असू शकतो. न्यायनिर्णय असेल तर इंडियन कानूनवर किंवा न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पक्षकारांच्या नावाने शोधा. सापडला तर तो मुद्दा त्यात खरंच आहे का ते वाचा. निकाल खरा आणि त्यातून काढलेला अर्थ उलटा, ही चूक बनावट निकालापेक्षा जास्त फसवी असते. कंपनीचे आकडे वार्षिक अहवालातून घ्या, आणि एकटीचा की समूहाचा एकत्रित ताळेबंद ते ठरवून घ्या, कारण मॉडेल या दोन्हींतले आकडे एकाच तक्त्यात मिसळतं. लाख, कोटी, मिलियन यांचं रूपांतर स्वतः करा. एक शून्य इकडचं तिकडे झालं तरी वाक्य तितकंच गुळगुळीत राहतं.

गणित असेल तर एक्सेलमध्ये फॉर्म्युल्याने पुन्हा मांडा, उत्तराचा आकडा नुसता टाइप करू नका. एखादी संख्या बदलली की उत्तर अपेक्षित दिशेने हलतं का ते बघा. कमिशन वाढवलं आणि ब्रेक-इव्हन खाली आला, तर कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय.

आणि त्याच यंत्राला ‘हे खरं आहे ना?’ विचारणं म्हणजे पडताळणी नव्हे. ज्याने नोंद केली त्यानेच ऑडिट करायचं नसतं.

‘आमच्या सरांनाच हे माहीत नाही’

अनेक ठिकाणी खरं आहे, आणि त्यात नवल नाही. ज्यांनी आयुष्यभर खतावणी शिकवली त्यांच्यावर हे तीन वर्षांत कोसळलं. शिकायची सोय मात्र आहे: आयआयटी मद्रास चालवत असलेल्या स्वयम प्लस या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर लेखाकर्मातल्या एआयवर मोफत अभ्यासक्रम आहे. विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच वर्गात बसले तरी बिघडत नाही.

तोवर विभागाने एक साधा नियम केला तरी बराच गोंधळ मिटेल. प्रोजेक्टच्या शेवटी अर्ध्या पानाचं निवेदन सक्तीचं करायचं: कोणतं साधन, कोणत्या महिन्यात, कोणत्या भागासाठी वापरलं, त्यातलं काय ठेवलं, काय चूक निघालं म्हणून टाकलं, आणि कशाच्या आधारे पडताळलं. वापरलं नसेल तर तसं लिहायचं. ‘भाषा सुधारण्यासाठी वापर केला’ एवढ्या एका ओळीवर भागवू द्यायचं नाही. ‘चूक निघालं म्हणून टाकलं’ हा रकाना कोरा असेल तर व्हायव्हाला पहिला प्रश्न त्यावरच विचारायचा.